पेशीबाहेरचं मीठ

खारट लागलं.

आधी वाटलं, भास असेल. सोमवारी दिवस वर येतो तशी माझी जीभ आपल्या मनानं चवी आठवत बसते. कधी कैरीच्या फोडीची, कधी भाकरीवरच्या चटणीची, आणि मी आतल्या आत शिव शिव म्हणत ती चव मागं लोटते. पण ही चव आठवणीतली नव्हती. ती काडीच्या टोकावरून आली, पातळ, गार, आणि दाढेशी जाऊन थांबली. समोर नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली पांढऱ्या एप्रनांत दाटीवाटीनं उभ्या होत्या, माझं तोंड उघडं होतं, गालाच्या आत काडी होती, आणि मला काही बोलता येत नव्हतं. काडी बाहेर काढायची, टोक काचपट्टीवर पसरायचं, निळ्या रंगाचा थेंब सोडायचा, वर पातळ काच ठेवायची, हे सगळं हातांनी आपलं आपण केलं. त्यात थेंब थोडा माझ्या बोटांवरही सांडला. मन तिकडं दाढेशीच. मीठच आहे का हे? आज सोमवारच ना? काडी कुणी दिली?

काडी सादियानं दिली होती. खरं तर ती तिच्याच तोंडात जायची. पेशी शिकवायची तर आधी ती दाखवायची, अशी माझी पद्धत आहे. पुस्तकातलं चित्र मुलींना रांगोळीसारखं वाटतं, पाठ करायचं आणि पुसायचं. म्हणून मी एकीला पुढं बोलावते, गालाच्या आतून हलकेच खरवडून घेते आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून म्हणते, बघ, ही तू. आज सादियाला बोलावलं. तुडीलहून येणारी, बारीक आवाजाची मुलगी. ती जवळ आली आणि कानाशी पुटपुटली, "मॅडम, रोजा हाय माझा. तोंडात काडी घातलेली चालते का, मला माहीत नाय." मी म्हटलं, "मग नको गं बाई. तुझा उपास माझ्या हातून मोडायला नको. मी माझीच घेते, तू नुसतं सामान हातात दे." तिनं काडी आधी वाटीतल्या सलाइनमध्ये बुडवली आणि मग दिली. कोरडी काडी गालाला टोचते म्हणून. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, हे मी स्वतःच फळ्यावर लिहून मुलींना सांगते. दुसरीचं व्रत राखायला गेले आणि हे असं झालं, की झालंच नाही, हेही मला त्या क्षणी नीट कळेना.

माझे सोमवार अळणी असतात. सकाळी पेस्टसुद्धा नाही, कडुलिंबाची काडी. वीरेश्वराच्या पिंडीवर पाणी घालून यायचं, मग दूधभात नाहीतर साखरेची पोळी. पोटात असल्यापासूनचं आहे हे. म्हणजे तो माझ्या पोटात असल्यापासूनचं. चौथ्या महिन्यात मला डाग दिसला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "सोमवार अळणी धर. आमच्या वाडीत असंच धरत्यात. पोर झालं, त्याला हातानं घास उचलता आला, की त्याच्याच हातनं मिठाचा पयला घास खायचा. पोरगंच आयशीला सोडवतंय." मला ते किती आवडलं होतं! तो लहानगा हात, भाताची चार शितं माझ्या तोंडात, बाकीची साडीवर. मी तेव्हा वॉर्डात नर्स होते, रक्तदाब घ्यायचे, सलाइन लावायचे, आणि मनात एकच, त्याचा खारट हात. तो आला तो दिवस भरण्याआधी आणि रडलाच नाही. ज्यानं सोडवायचं तोच गेला. मग व्रत सुटणार कसं? कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, पुढचा सोमवार आला आणि मी अळणी जेवले. त्याच्या पुढचा आला. एवढंच. लोकांना वाटतं माझी श्रद्धा मोठी आहे. मला खरंच कळत नाही तिला काय म्हणायचं. सोमवारी पान वाढताना डावीकडची मिठाची जागा रिकामी राहते, आणि तेवढी जागा त्याची असते. दुसरी कुठे त्याला जागाच नाही. त्याचा फोटो नाही, नाव ठेवलं नव्हतं, मला त्याचं तोंडही दाखवलं नव्हतं.

आणि त्या व्रताचं उद्यापन आज संध्याकाळी ठरलं होतं. आजच, पोलादपूरला सासूबाईंच्या वाडीवर. गेल्या महिन्यात मी ओट्याशी उभी असताना पडले. शुद्ध गेली नाही, नुसती भिंत हळूच आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं सोडियम उतरलंय, आधी रक्तदाबाची गोळी बदलू, आणि ते अळणी वगैरे आता बंद. हे सगळं यांच्यासमोर बोलले. मग हे मला घरी घेऊन आले. पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी करणारा माणूस, आवाज चढवून बोलायची सवय आहे यांना, मोटार चालू असते ना. पण त्या दिवशी अगदी हळू म्हणाले, "किती दिवस त्याला धरून ठेवणार आहेस?" मी म्हटलं, "मी कुठं कुणाला धरलंय? मी फक्त मीठ सोडलंय." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून उद्यापनाला हो म्हटलं. तेव्हापासून झोपेतून उठते तेव्हा पहिल्यांदा हेच आठवतं. उद्यापन म्हणजे वाजतगाजत कबूल करायचं, की तो येणार नाही. मला ते करायचं आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नव्हतं, आणि आता ही काडी.

"मॅडम, ही तर फोडलेल्या अंड्यावाणी दिसत्येय!" सेजल डोळा लावून ओरडली. ती पोलादपूरच्या वरच्या अंगाची, तोंडाची मोकळी. "मध्ये बलक, भोवती पांढरं."

"बलक नाही, केंद्रक," मी म्हटलं. आवाज ठीक निघाला. "पेशीचा कारभार तिथून चालतो. भोवती आहे ते पेशीद्रव्य. आणि कडेची बारीक रेघ दिसते का?"

"दिसते. मॅडम, तुमच्या गालात एवढ्या पेशी? आमच्याकडं सेल म्हटलं की दिवाळीत लागतो तेवढाच माहीत हाय."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसताना जिभेला पुन्हा ती चव लागली. मी फळ्याकडे वळले. कडेची रेघ म्हणजे पटल. पेशीचा उंबरा. आत कुणाला घ्यायचं, बाहेर कुणाला ठेवायचं, हे तो उंबरा ठरवतो. हे मी दर वर्षी सांगते, याच शब्दांत. मग मी मीठ काढते. म्हणजे फळ्यावर. पेशीच्या बाहेर सोडियमचे ठिपके पुष्कळ, आत थोडे. मीठ बाहेरून सारखं आत शिरायला बघतं, आणि उंबऱ्यात बसलेला पंप ते सारखं बाहेर लोटतो. तुम्ही झोपलात तरी लोटतो, बेशुद्ध असलात तरी लोटतो. खाल्लेल्या अन्नातला केवढा तरी वाटा या एका कामावर खर्च होतो. आणि पंप थांबला तर? "मीठ आत जातं," पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. आणि मिठामागून पाणी जातं, मी म्हटलं, आणि पेशी फुगते, आणि फुटते. खडू हातात राहिला. इतकी वर्षं मी हे बोलते आहे आणि मला कधी ऐकू आलं नव्हतं. मीठ बाहेर लोटत राहणं म्हणजे जिवंत राहणं. मग मी सोमवारी तेच करत होते का? की उलटं आहे? कारण फळ्यावर तर पेशीच्या चारी बाजूंना मीठच मीठ होतं, मीच काढलेलं. प्रत्येक पेशी मिठाच्या पाण्यात बसलेली. मग माझा एक तरी सोमवार अळणी होता का? वीरेश्वराला काय वाटलं असेल माझ्याकडे बघून? की त्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि ही बाई वरवर मीठ टाळते आहे तर टाळू दे, तेवढाच तिचा वेळ जातो, असं म्हणून तो गप्प बसला?

मी बेसिनशी जाऊन चूळ भरली. एकदा, मग आणखी एकदा. सादिया मागं येऊन उभी राहिली. "मॅडम, काडी लागली का गालाला?"

"नाही गं. सोमवारी मी मीठ खात नाही. विसरले होते सांगायला."

तिचा चेहरा उतरला. "या अल्ला. मी बुडवून दिली. माझ्यामुळं तुमचा..."

"तुझ्यामुळं नाही. मी म्हटलं होतं का तुला बुडवू नको म्हणून?"

तिनं ओढणीचं टोक चाळवलं. मग म्हणाली, "आमच्यात असं धरतात मॅडम, भुलून काय तोंडात गेलं तर रोजा तुटत नाय. वरच्यानं भरवलं, असं बोलतात. मी लहानपणी पहाटेची सहरी खाऊन परत भुलून केळं खाल्लेलं, तर मम्मी बोलली, तुझी मजा हाय, तुला अल्लानं केळं भरवलं."

वरच्यानं भरवलं. मी टॉवेलला हात पुसले, बोटांवरचा निळा डाग गेला नाही. ती अजून उभीच होती. तिला आणखी काही विचारायचं होतं, आणि ते तिनं वर्गात परत गेल्यावर सगळ्यांसमोर विचारलं. "मॅडम, ही स्लाइडवरची पेशी सगळी तुमचीच असते का?"

"म्हणजे?"

"मी मोबाईलवर वाचलं, बाळाच्या पेशी आईच्या अंगात जातात आणि राहतात. बाळ जन्मल्यावर पण. खरं हाय का ते? मी मम्मीला सांगितलं, अरफातभाईच्या पेशी तुझ्यात हायेत, तर ती रडायलाच लागली. तो दोहाला हाय ना. बोलली, म्हणून त्याला ताप आला की मला इथं कळतं."

सेजल म्हणाली, "म्हणजे माझी आई मला ओरडते तेव्हा स्वतःलाच ओरडते की काय!" पुन्हा हशा. मला तो लांबून ऐकू आला. मी सूक्ष्मदर्शकाकडे बघत होते. नळीच्या खाली काचेवर माझा निळा थेंब वाळत होता. "पुस्तकात नाही हे," मी म्हटलं. "विचारून सांगते." आणि तास संपल्याची घंटा झाली की नाही हे न बघताच मी मुलींना सोडून दिलं.

शरीरक्रियेचे तास घ्यायला बाहेरून एक डॉक्टर येतात, वयानं मोठे, निवृत्त. ते स्टाफरूममध्ये चहा बशीत ओतून घेत होते. मी विचारलं. म्हणाले, "हो, खरं आहे. त्याला एक लांबलचक नाव आहे, पण आहे खरं. नाळ-वारेतून इकडच्या पेशी तिकडं, तिकडच्या इकडं. आईच्या रक्तात सापडल्यात, काळजात सापडल्यात, कित्येक वर्षांनंतर."

"दिवस भरले नसले तरी?"

"तरी."

"आणि मूल... राहिलं नसलं तरी?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "तरीही. पण बाई, त्या तिथं बसून काय करतात, फायद्याच्या की तोट्याच्या, प्रत्येकीत असतात की नाही, हे अजून कुणाला पक्कं माहीत नाही. शोधायच्या म्हटलं तर गवताच्या उडवीत सुई. का विचारता?"

"मुलींनी विचारलं."

"हुशार आहेत या वर्षीच्या," ते म्हणाले आणि बशी उचलली.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. महाड मागं पडलं, सावित्री एकदा दिसली, फाल्गुनातली, कडेला खडक उघडे पडलेली, मग रस्ता वळला. ऊन काचेतून मांडीवर पडत होतं आणि त्यात माझे दोन हात. मी ते वळवून वळवून बघत होते. निळा डाग उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला होता. हा रंग केंद्रकाला धरतो, म्हणून वापरतात. म्हणजे कुणाचं कोण ते त्या रंगानं दिसतं? नाही, दिसत नाही. माझी आणि सादियाची पेशी शेजारी ठेवली तरी ओळखू यायची नाही, मग आतली कुठली मला कशी कळणार? तरी मी बघत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "भाजलं का हो?" मी म्हटलं, "नाही, रंग आहे." तिनं तिच्या पिशवीतून मला शेंगदाणे पुढं केले, खारे. मी हात जोडले. हात जोडून झाल्यावर हसू आलं. अजूनही मी पाळतेच आहे. काय पाळते आहे? सकाळी मोडलं असेल तर आता पाळायचं काय, आणि मोडलं नसेल तर संध्याकाळी सोडायचं काय? मनाशी म्हटलं, महादेवा, तू हिशेबाचा देव नाहीस, तुला पानभर बेल पुरतो, तूच काय ते बघ. पण माझं मन हिशेबाचंच निघालं. तो आला त्या दिवशी बाळंतपणाच्या टेबलावर मी शुद्धीत होते. माझ्याच वॉर्डातली बाई होती सुईण म्हणून, मैत्रीणच. तिनं काहीतरी कापडात गुंडाळलं, पाठ फिरवली, आणि पाठमोरीच म्हणाली, "सुटलीस गं." मोकळी झालीस, सुटलीस, असं आपण प्रत्येक बाळंतिणीला म्हणतो. मीही शेकडो जणींना म्हटलं आहे. तिला दुसरा शब्द सुचला नसेल. मी वाट बघत राहिले, की ती आता वळेल. ती न वळता दाराबाहेर गेली. मग सासूबाई आणि हे त्याला घेऊन वाडीवर गेले, कुठं ठेवलं ते मी विचारलं नाही. माझ्या अंगाखालची चादर ओली होती. ते पाणीही खारटच असतं, ज्यात तो होता. त्या पाण्यात असताना तो इकडून तिकडं सांडत होता तर. माझ्यात. आणि मला वाटत होतं, त्याला फक्त मिठाच्या रिकाम्या जागेवर बसवलंय.

पोलादपूरला उतरून मिनिडोर रिक्षा पकडली, उमरठच्या रस्त्याला. वाडीच्या पाखाडीच्या पायऱ्यांशी सलोनी उभी होती, माझ्या दिराची मुलगी. ती नालासोपाऱ्याला असते, कुठल्या कुरिअरच्या ऑफिसात लागली आहे, मुद्दाम रजा टाकून आली होती. ती आणि माझा तो एका सालातले. सासूबाईंनी तिलाच ठरवलं होतं, घास भरवायला. घरातलंच लेकरू हवं ना, म्हणाल्या होत्या, आणि पुढं काही न बोलता तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काकी, टेन्शन नको घेऊ, मी प्रॅक्टिस करून आलेय," सलोनीनं माझी पिशवी घेतली. "आजीवर ट्राय केलं सकाळी. तिनं माझं बोटच चावलं."

"चावंल नाय तर काय," सासूबाई ओटीवरून म्हणाल्या. "एवढा मोठा घास! म्हशीला आंबोण चारतेस काय गो?"

एरवी त्या आमच्याजवळ महाडलाच असतात, काजूच्या दिवसांत तेवढ्या वाडीवर येतात. त्या घरी असतील तेव्हा माझ्या सोमवारचा स्वयंपाक त्यांच्या हातचा. माझ्यासाठी वेगळं पातेलं, त्याला मिठाचा हात नाही. कधी चुकल्या नाहीत, दुखण्यात असल्या तरी. आज चुलीवर वरण होतं, भात होता, वालाचं बिरडं, तांदळाची खीर. मी हातपाय धुऊन देवापुढं बसले. बेल वाहिला, दिवा लावला. जप करता करता मध्येच विसरायला झालं, कितवा मणी ते नाही, जप कशासाठी ते. हे मोटरसायकलवरून आले, केसांवर धूळ, आणि माझ्याशेजारी पाटावर बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी सांगणार होते, अहो, सकाळी असं असं झालं, ती सादिया, ती काडी. आणि तो गेलेला नाहीये सगळा, डॉक्टर म्हणाले. पण सांगायचं तर कुठून सुरुवात करायची? यांना वाटेल, उद्यापन टाळायला हिनं नवीन काढलं. आणि मलाही वाटत होतं, की मी तेच करते आहे की काय. तो माझ्यात असेल तर मग मिठाची जागा रिकामी ठेवायचं कारण काय उरतं? की उलट, तो माझ्यात आहे म्हणून तर इतके दिवस ठेवता आली? एका बाजूनं धरलं की दुसरी बाजू निसटत होती, ओल्या साबणासारखी.

पान वाढलं. डावीकडं मीठ वाढलं नव्हतं. आधी घास, मग मीठ, असं सासूबाईंच्या मनात असावं. सलोनीनं वरणभात कालवला, तूप घातलं, आणि गुडघ्यावर बसली. आता ती हसत नव्हती. "काकी, आ कर." मी डोळे मिटले. तो लहानगा हात आठवायचा प्रयत्न केला, जो कधी पाहिलाच नव्हता. घास तोंडात आला, ऊन, मऊ, तुपाचा.

अळणी.

मी चावत राहिले. वाटलं, जीभ सकाळपासून गोंधळली आहे, तिला कळत नसेल. पण जिभेला कळत होतं. वरणात मीठ नव्हतं, भातात नव्हतं, कणभर नव्हतं. सासूबाईंचा हात सोमवार बघून आपणहून थांबला होता. त्यांनी माझं उद्यापनही माझ्या व्रतासारखंच रांधलं होतं. मी डोळे उघडले. तिघं माझ्याकडे बघत होती. यांच्या कपाळावर गंधाखाली घाम होता. सासूबाई पुढं वाकल्या, "काय गो, मिठाचं लागलं ना?"

मला नुसती मान हलवायची होती. कुणाला काही कळलं नसतं. त्यांच्या लेखी मी सुटले असते, आणि पुढच्या सोमवारी गुपचूप माझी जागा मी रिकामी ठेवली असती, त्याच्या पुढच्याही. तो तिथं बसायला आला असता. देवानंच ही वाट ठेवली आहे, असं क्षणभर वाटलं, आणि त्या वाटण्याचा मला इतका आनंद झाला की मी घाबरले. मग सादियाचा बारीक आवाज. भुलून गेलं तर वरच्यानं भरवलं. आणि भुलून राहिलं तर? सकाळी वरच्यानं मीठ दिलं ते माझ्या भुलण्यातून, आता काढून घेतलं ते सासूबाईंच्या भुलण्यातून. त्यानं आपले दोन्ही हात मागं घेतले होते आणि माझ्याकडे बघत बसला होता, या तिघांसारखाच.

"आई," मी म्हटलं, "मीठ वाढा."

सासूबाईंचा हात तोंडावर गेला. "अगो बाय माझे. हातच गेला नाय गो मिठाकडं. सोमवार ना... माझा हातच..." त्या उठताना धडपडल्या, यांनी त्यांना दंडाला धरलं. "अपशकुन झाला का रं अनिल?"

"काही नाही झालं आई. वाढ तू," हे म्हणाले. पंपावर बोलतात तसे, मोठ्यानं.

मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं. सासूबाईंनी ते पानावर डावीकडं ठेवलं, जाडं मीठ, थोडं ओलसर. ती जागा भरली. सलोनी म्हणाली, "थांब काकी, मी देते ना, माझ्या हातनं पाहिजे ना?" तिनं हात पुढं केला. "राहू दे बाळा," मी म्हटलं. अंगठा आणि पहिलं बोट, निळ्या डागाचे. मी चिमूट उचलली. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याच हातानं नाय गो, त्याच्या..." आणि थांबल्या, कारण पुढं घ्यायला नावच नव्हतं. मला त्यांना सांगायचं होतं, आई, हा हात माझा एकटीचा आहे की नाही, ते कुणाला पक्कं माहीत नाही. ते बोलता आलं नाही. बाहेर ऊन उतरलं होतं. तिकडं तुडीलला सादिया आता रोजा सोडायला खजूर हातात घेऊन थांबली असेल. मी चिमूट तोंडात घातली.

"सुटलीस गो," सासूबाई म्हणाल्या. त्या पाठमोऱ्या नव्हत्या. माझ्याकडे तोंड करून, मला बघत म्हणाल्या.

मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. तोंडात पाणी सुटलं होतं, कोमट, खारट. ते मी लगेच गिळलं नाही. थोडा वेळ तसंच धरून बसले.